स्वयंपाकघरातला मीटर

४ फेब्रुवारी

मामा,

पत्र बघून तुला वाटेल, पोरीला फोन परवडेनासा झाला. तसं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की इथल्या भिंतींना ऐकू जातं. परवा तुला "घर छान आहे" एवढंच चार वेळा सांगितलं, तर खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात म्हणाल्या, "आवडलं म्हणायचं घर!" तेव्हा यापुढे पत्र.

घर खरंच छान आहे. तू शोधून दिलंस म्हणून तोंडदेखलं म्हणत नाही. शिलाई मशीन खिडकीशी लावलंय, शेजारी कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक मशीन, आणि दुपार कलेपर्यंत दिवा लावावा लागत नाही. हॉस्पिटलच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली. नर्स, वॉर्डबॉय, सफाईवाले, सगळे मीच नटवायचे. मार्चअखेर माल पोचवला तर वर्षभराचं काम माझं. नाही पोचवला तर आहेच पुन्हा, शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं.

आता रडगाणं. काल दारात एक टायवाला उभा. हातात कार्ड, चेहऱ्यावर अंत्ययात्रेला आल्यासारखा भाव. माझ्या आधी इथे राहणाऱ्या बाईने विजेचं बिल थकवलंय. वीज कंपनीने ते एका वसुली कंपनीच्या गळ्यात बांधलंय, आणि त्या कंपनीने हा टायवाला माझ्या. आकडा एवढा लांबलचक होता की मी आधी तो फोन नंबर समजले. मी म्हटलं, "ती बाई गेल्या उन्हाळ्यातच गेली. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही." त्याने कार्डावर काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. "पत्ता सांगण्यास टाळाटाळ."

वीज कंपनीत गेले, तर ते म्हणतात जुनी थकबाकी फिटल्याशिवाय कनेक्शन तुमच्या नावावर होणार नाही, आणि वीस मार्चपर्यंत फिटली नाही तर तोडू. वीज गेली तर मशीन पायाने चालवू की काय? ओव्हरलॉकला पायच नाहीत.

तू जन्मभर लोकांच्या घरात शिरून मीटर वाचलेस. आता तूच सांग, एकटी बाई, दोन खोल्या, एवढी वीज जाळली कशी? लोखंड वितळवत होती का? स्वयंपाकघरात मीटरखाली फरशीवर काळा गोल डाग आहे, आणि भिंतीतून अंगठ्याएवढी जाड वायर आलीय. खालच्या बाई सांगतात, ती मातीची भांडी करायची आणि विजेच्या भट्टीत भाजायची. भांडी विकून ती मोकळी झाली, चटके मला. अशी बेशरम बाई मी पाहिली नाही. म्हणजे पाहिलेलीच नाही, पण तरीही.

लवकर लिही.

तुझी चिमी


१० फेब्रुवारी

चि. चिमी हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. गुडघा ठीक. कान आहेत तसेच.

आधी एक गोष्ट. त्या बाईंविषयी असं एकेरीत लिहू नये. तुझ्याहून वयाने मोठ्या असणार. आणि बेशरम वगैरे शब्द, न पाहिलेल्या माणसाबद्दल, बरे दिसत नाहीत. तुझ्या आईने तुला असं शिकवलं नसावं. माझ्या बहिणीचा काही भरवसा नाही म्हणा.

आता कामाचं. तू राहायला आलीस त्या दिवसाचा मीटरचा आकडा लिहून ठेवला असशील तर उत्तम, नसेल तर आज लिही. वसुलीवाल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. त्याला आत घेऊ नकोस. मुख्य म्हणजे चहा देऊ नकोस. एकदा चहा दिला की माणूस पुन्हा पुन्हा येतो. हे मी अनुभवाने सांगतो.

एवढं बिल एकदम कसं आलं म्हणतेस. जुने काट्यांचे मीटर काढून नवे बसवले तेव्हा असं काही ठिकाणी झालं. तो तांत्रिक भाग आहे, तुला कंटाळा येईल.

स्वयंपाकघराच्या दाराजवळचं बटण अडकतं. आधी अंगठ्याने वर रेटायचं, मग खाली. खिडकीची वरची खिट्टी घट्ट लावत जा, पश्चिमेचा वारा थेट आत येतो आणि ओल्या वस्तूंना तडे जातात. म्हणजे कपड्यांना सुरकुत्या पडतात.

कंपनीला लेखी कळव. नम्रपणे.

तुझा मामा


१४ फेब्रुवारी

प्रति, वसुली अधिकारी,

महोदय,

माझ्या घराच्या आधीच्या भाडेकरूची थकबाकी मागायला आपला माणूस माझ्याकडे येतो. मी ती नाही. माझं नाव वेगळं, वय वेगळं, धंदा वेगळा. मी भांडी भाजत नाही, गणवेश शिवते. सोबत भाडेकराराची प्रत जोडली आहे. ती बाई या घरातून गेल्यानंतर कित्येक महिन्यांनी मी आले. तिने सोडून गेलेल्या वस्तूंत फरशीवरचा एक डाग आहे, तो हवा असल्यास जप्त करून न्यावा.

मामांनी नम्रपणे लिहायला सांगितलं आहे. हे नम्रपणे लिहिलेलं आहे.

आपली,
ती नसलेली


२४ फेब्रुवारी

विषय: थकबाकीबाबत

महोदया,

आपले पत्र पोचले. आपण स्वतःहून संपर्क साधलात याबद्दल आभार. आपल्या संपर्काची नोंद "देणेकरी प्रतिसाद देत आहे" अशी करण्यात आली आहे.

आपण देणेकरी नसल्याचा आपला दावा विचारार्थ घेण्यासाठी, आपण सदर देणेकरी नसल्याचा दाखला सदर देणेकऱ्याच्या सहीनिशी सादर करावा. देणेकरी उपलब्ध नसल्यास, ते उपलब्ध नसल्याचे पत्रही त्यांच्याच सहीने चालेल.

फरशीवरील डागाची नोंद "स्थावर" या सदरात घेतली आहे.

दि. २० मार्चपर्यंत रक्कम न भरल्यास वीजजोडणी खंडित करण्यात येईल, कळावे.

वसुली अधिकारी


२७ फेब्रुवारी

मामा,

कंपनीचं उत्तर सोबत आहे. बसून वाच, गुडघ्याला जपून. ज्या बाईला ते शोधताहेत, तिने येऊन लिहून द्यायचं की ती सापडत नाही! मी हसले, मग शिवणयंत्रावर डोकं ठेवून थोडी रडले, मग पुन्हा हसले. त्या भानगडीत एका नर्सच्या बाहीला खिसा लागला.

टायवाला काल परत आला. तुझं ऐकून उंबऱ्यातच उभा केला. तो कार्डावर लिहीत होता, मी विचारलं काय लिहिताय.

म्हणाला, "गैरहजर."

"कोण गैरहजर? मी तुमच्या नाकासमोर उभी आहे."

"तुम्ही आहात हो. पण ज्यांचं नाव आहे त्या नाहीत. घर उघडं आणि माणूस नाही, म्हणजे गैरहजर."

"आणि मी?"

त्याने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. बिचाऱ्याने मनापासून शोधलं. म्हणाला, "तुमच्यासाठी रकाना नाही, ताई."

बघ म्हणजे. आईला मी चाळिशीपर्यंत बिनलग्नाची म्हणून कुठल्या रकान्यात घालावी कळत नाही, आता यांनाही कळेना. तुझ्या वळणावर गेले, असं आईच म्हणते.

पण खरी बातमी पुढे आहे. बटण तू सांगितलंस तसं दाबलं, लागलं. खालच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ही युक्ती त्या भट्टीवाल्या बाईंना आणि मीटरवाल्याला, दोघांनाच ठाऊक होती. मी म्हटलं, कोण मीटरवाला? तर म्हणे, वीज कंपनीचा एक माणूस रीडिंग घ्यायला यायचा. रीडिंग दोन महिन्यांनी घेतात ना? हा जवळजवळ दर आठवड्याला यायचा. काचेआडचे चार आकडे, पण वाचायला त्याला सबंध दुपार लागायची. वरून कप वाजल्याचे आवाज यायचे, बोलण्याचे क्वचितच.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामा, सगळा मामला साफ आहे! बाईने त्या रीडरला चहावर फितवला. त्या गाढवाने वर्षानुवर्षं आकडे कमी लिहिले. मग नवा मीटर बसवताना जुन्याचा खरा आकडा बाहेर पडला आणि सगळा फरक एकदम बिलात आला. बरोबर ना? असलाच ना तो तुझा तांत्रिक भाग?

तू तर नेहमी सांगायचास की तुझा भाग नदीपलीकडचा होता. पण खात्यातला आहे, तुझ्या ओळखीचा असेलच. कोण हा लाळघोट्या? नाव सांग. त्याची पेन्शन थांबवायला लावते. चहाच्या कपापायी माझी वर्षाची भाकरी जाते की काय!

चिमी

ता. क. पोटमाळ्यावर तिचे काही कप सापडले. भाजताना वाकडे झालेले, टाकून दिलेले. निळे, बुटके, आणि कानाऐवजी प्रत्येकावर अंगठा बसेल असा खळगा. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात.


५ मार्च

चि. चिमी हिस,

आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाषा आवडली नाही.

खात्यातल्या कुठल्याही माणसाला, मग तो कोणी का असेना, गाढव म्हणण्याआधी विचार करावा. मीटर रीडरचं काम तुला वाटतं तसं नसतं. दारोदार जायचं, कुत्री अंगावर घ्यायची, कोणी पाणी विचारत नाही. लोक दार उघडतात ते मीटरकडे बोट दाखवायला, माणसाकडे कोणी बघत नाही. अशात एखाद्या घरी कोणी "बसा" म्हणालं तर तो माणूस बसेल. यात लाळघोटेपणा काय आला?

आणि चहावर कोणी फितत नाही. त्यातून बिनसाखरेच्या.

आकडे कमी लिहिले असतील तर चूकच. पण त्यामागे लाच नसावी. समजा एखाद्या बाईंना दर वेळी भट्टीचं बिल जड जातंय हे एखाद्याला दिसलं, तर त्याचा हात आखडला असेल. कोणाला काही बोलायला जमत नसतं, तो दुसरं काहीतरी करून बसतो. मी फक्त शक्यता सांगतो.

सोबत मनिऑर्डर करत आहे. ती त्या थकबाकीत भर. सगळी नाही, पण पहिला हप्ता होईल. पेन्शनीतून पुढचे पाठवीन. तुझी ऑर्डर बुडू नये एवढाच हेतू. त्या बाईंना यातलं काही कळवायची गरज नाही, त्या कुठे आहेत ते तरी कोणाला माहीत.

तुझा मामा


९ मार्च

मामा,

मनिऑर्डर परत पाठवते आहे.

तिचा चहा बिनसाखरेचा असायचा हे मी तुला लिहिलं नव्हतं. खालच्या बाईंनीही सांगितलं नव्हतं. बटण तू मला शिकवलंस. खिडकीच्या वाऱ्याने ओल्या वस्तूंना तडे जातात हेही तूच. माझ्याकडे ओलं काय असतं? आणि तो कप. आज सकाळी चहा पिताना आठवलं कुठे पाहिलाय. तुझ्या टेबलावर! निळा, बुटका, अंगठ्याच्या खळग्याचा. मी एकदा सहज उचलला तर "तो ठेव खाली" म्हणून अंगावर आला होतास. तू, ज्याने लहानपणीही मला कधी एक चापट मारली नाही.

मामा, ते गाढव तू आहेस.

नदीपलीकडचा भाग म्हणे! आईला, मला, सगळ्या घराला नदीपलीकडे ठेवलंस. आणि हे घर रिकामं आहे हे तुला कसं कळलं, तेही आता कळलं. रिटायर झाल्यावर कधीतरी हिंमत करून तू जिना चढला असणार. दाराला कुलूप आणि वर पाटी, "भाड्याने देणे आहे." मग दुसरं काही करता येईना म्हणून भाचीला आणून बसवलंस. खरं सांग, मी मशीन चालवायला आले की तुझी जागा धरून ठेवायला?

मला हसू येतंय आणि रागही येतोय. राग जास्त आहे. तू त्या बाईवर केलेला उपकार तिच्या नावावर चोरी म्हणून फिरतोय, मी महिनाभर तिला शिव्या घातल्या, आणि तू मला एकेरीचं व्याकरण शिकवत बसलास! ती समोर असती तर मी तिला बेशरम म्हणून तोंडावर सांगितलं असतं, आणि तू ते होऊ दिलं असतंस.

तिला शोध. जा, सांग. वीस तारखेला माझी वीज जाणार आहे. निम्मे गणवेश अजून बिनबाह्यांचे आहेत.

चिमी


१५ मार्च

मामा,

उत्तर नाही. तू लिहीत नाहीस तेव्हा तुझा गुडघा दुखत नसतो, हे मला माहीत आहे.

दारावर नोटीस चिकटली. लाल अक्षरं, चांगली मोठी, जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला चष्म्याविना वाचता यावी अशी. दूधवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने मी त्या बाईकडे महिनाभर पाहत होते, न पाहता.

मग मी खालच्या बाईंना विचारलं, भट्टीवाल्या बाई कुठे गेल्या ठाऊक आहे का? त्या म्हणाल्या, "हो, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. मोठ्या माणसांना मातीकाम शिकवतात. मी जाते ना अधूनमधून." मी म्हटलं, "अहो, मग सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "विचारलं कोणी?" वसुली कंपनी वर्षभर तिला शोधतेय, टायवाल्याने बुटाचा तळवा झिजवला, आणि खालच्या मजल्यावर कोणी कडी वाजवली नाही. मीही नाही.

मी गेले. ऐक आता. नीट बसून वाच.

लहान चणीची बाई, केस आखूड, कोपरापर्यंत चिखल. मी नाव सांगितलं, घर सांगितलं, नोटीस दाखवली. नोटिशीवर तिने चिखलाचा अंगठा उमटवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. (मी एकेरीवरून वर आले, बघितलंस?)

"तू त्यांची कोण?"

"कोणाची?"

"नाक तेच आहे," त्या म्हणाल्या. "बस."

मग चहा दिला. बिनसाखरेचा. मला सांगायचं ते मी सांगितलं, की माझा मामा तुमचे आकडे कमी लिहीत होता, तुम्हाला माहीत नसेल, पण या बिलाला तो कारण आहे.

त्या हसल्या. चांगल्या खदखदून. "अगं, मीटर माझ्याच स्वयंपाकघरात होता. ते स्टुलावर चढून एक आकडा वाचायचे, खाली उतरून दुसराच लिहायचे. ते गेले की मी स्टुलावर चढायची. आकडे मलाही वाचता येतात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार? खोटं त्यांनी लिहिलं. का लिहिलं हे त्यांनीच सांगायला नको? वाटायचं, आज सांगतील. पुढच्या खेपेला सांगतील. नऊ वर्षं माणूस समोर बसून चहा प्यायला आणि हवेबद्दल बोलला. आणि मग एक दिवस दारात दुसराच पोरगा. म्हणे, ते रिटायर झाले." इथे त्यांचं हसू गेलं. "मला ते त्या पोराकडून कळलं. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही."

मामा, तू त्यांना सांगूनही आला नाहीस?

पुढे ऐक. तुझ्या प्रत्येक खोट्या आकड्याचा फरक त्यांनी प्रत्येक बिलागणिक बाजूला काढून ठेवलाय. भरायला पैसे पहिल्या दिवसापासून तयार आहेत. भरले का नाहीत, विचारलं.

"भरले असते तर विषय संपला असता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढा मोठा आकडा आहे. खात्यात बोभाटा होईल, कोणीतरी बोलेल, त्यांच्या कानावर जाईल. मग येतील."

मी म्हटलं, "बाई, त्यांना कमी ऐकू येतं."

मग माझ्या ऑर्डरचं ऐकून त्या ओशाळल्या, म्हणाल्या घर रिकामंच असेल असं समजत होते, आणि उठून कपाटातून पैसे काढून माझ्यापुढे ठेवले. सगळे. घे म्हणाल्या, आजच भर, तुझं काम अडायला नको.

आणि मी नको म्हटलं. हातात आलेले पैसे मी परत ठेवले, मामा! गाढवपणा आपल्या घराण्यातच आहे. मी म्हटलं, एकोणीस तारखेपर्यंत थांबू. तो आला तर आला. नाही आला तर एकोणीसला संध्याकाळी तुम्ही भरा आणि मग तुमचं त्याचं काही उरलं नाही असं समजा. त्यांनी मान हलवली.

तुम्ही दोघं नऊ वर्षं न बोलल्याचं बिल माझ्या दारावर चिकटलंय. मी माझं वर्षाचं काम तुझ्यावर लावून बसले आहे. पत्ता पाठीमागे लिहिलाय, मोठ्या अक्षरात. बस शेवटपर्यंत जाते, उतरायला चुकशील अशी सोय नाही.

चिमी


१७ मार्च

चि. चिमी हिस,

पत्र मिळालं.

त्यांनी माझ्याबद्दल आणखी काही विचारलं का? कानाचं सांगायची गरज नव्हती.

मी तिथे जाऊन काय बोलणार? बोलायचं असतं तर तेव्हाच नसतो का बोललो? दर खेपेला ठरवून जायचो. जिना चढताना वाक्य तयार असायचं. स्टुलावर चढलो की आकडा दिसायचा आणि वाक्य जायचं. मग आकड्यावरच काय करता येईल ते केलं. शेवटच्या आठवड्यात तर त्यांच्या दाराशी जाऊन परत आलो. आज रिटायर होतोय म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, मग आता यायचं कारण काय?

माझ्याकडे बाहेर जाण्याजोगा शर्ट नाही. सगळे खात्याचे खाकी. तुझ्याकडे माझं माप असेल, वाढदिवसाला शिवला होतास तेव्हाचं. त्याच मापाचा एक होईल का? साधा. खिशावर काही नको. टपालाने उशीर होईल म्हणून हे पत्र शेजारच्या पोराच्या हाती पाठवतो. उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.

बाह्यांना वेळ लागत असेल तर अर्ध्या बाह्यांचा चालेल.

तुझा मामा


२३ मार्च

विषय: थकबाकी निकाली निघाल्याबाबत व उद्भवलेल्या अडचणीबाबत

महोदया,

आपणांस कळविण्यात येते की, दि. १९ रोजी कार्यालय बंद होण्याच्या सुमारास सदर देणेकरी बाई, सोबत एका वयस्क इसमासह, आमच्या काउंटरवर हजर झाल्या. आमचे प्रतिनिधी वर्षभर त्यांच्या मागावर असल्याने त्यांना पाहून कर्मचाऱ्यांना गहिवरून आले.

सदर इसमाने थकबाकी आपल्यामुळे झाल्याचे काउंटरवरील कर्मचाऱ्यास मोठ्या आवाजात सांगण्यास सुरुवात केली. त्यावर देणेकरी बाईंनी "हे त्यांना नका सांगू, मला सांगा" असे म्हटले. सदर इसमास ते ऐकू न आल्याने बाईंना ते दोन वेळा मोठ्याने म्हणावे लागले. त्यानंतर सदर इसमाने बाईंकडे वळून जे सांगितले, ते संपूर्ण कार्यालयाने ऐकले. त्याचा थकबाकीशी संबंध नसल्याने नोंद घेतलेली नाही. कामकाज काही काळ थांबले होते.

तदनंतर रक्कम कोणी भरावी यावर दोघांत वाद झाला. तो मिटेना, तेव्हा दोघांनी दोन वेगवेगळ्या काउंटरवर जाऊन संपूर्ण रक्कम भरली (सदर इसमाने त्यासाठी मुदतठेव मोडून आणल्याचे समजते). सबब, आमच्याकडे थकबाकीच्या दुप्पट रक्कम जमा झाली आहे. आमच्या प्रणालीत पैसे घेण्याची सोय असून देण्याची नाही. जादा रकमेच्या पावतीवर देणेकऱ्याची सही घेण्यासाठी आमचे प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर येत राहतील. कृपया सहकार्य करावे.

वीजजोडणी खंडित करण्याचा आदेश मागे घेतला आहे.

वसुली अधिकारी


२८ मार्च

प्रति, वसुली अधिकारी,

महोदय,

आपला टायवाला काल येऊन गेला. कार्डावर "गैरहजर" लिहून गेला. या खेपेला मी त्याला चहा दिला, तेव्हा तो पुन्हा येईल याची मला खात्री आहे.

आपल्याकडे जमा असलेल्या जादा रकमेबाबत कळविण्यात येते की, सदर रकमेचे देणेकरी आता आपण आहात. आपण देणेकरी नसल्याचा दावा असल्यास तसा दाखला माझ्या मामांच्या सहीने सादर करावा. मामा कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही ठाऊक आहे. आपण विचारलंत तर सांगू.

गणवेशांचा माल आज सकाळी पोचला. एका नर्सच्या बाहीला खिसा आहे, तो हॉस्पिटलला आवडला. वर्षाचं काम मिळालं.

आपली,
ती नसलेली


४ एप्रिल

चि. चिमी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईने तुला फोन करून, तुझा मामा घरी नाही, दाराला कुलूप आहे, पोलिसांत जाऊ का, असं विचारलं असेल. जाऊ नको म्हणावं. मी सावकाश लिहिणार होतो, पण इथे माती मळायला बसवलं आहे आणि हात रिकामे होत नाहीत. या कागदावरचे डाग त्याचेच.

शर्ट चांगला झाला. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की एक बटण चुकीच्या काजात गेलं आहे. मी बसमध्ये घाईत लावलं होतं. त्यांनी ते नीट केलं.

काउंटरवर मी काय बोललो ते तुला कोणी ना कोणी सांगेलच, खालच्या बाईंचा पुतण्या तिथे रांगेत होता म्हणे. त्यांचं म्हणणं, एवढ्या मोठ्याने बोलायला मला नऊ वर्षं लागली, त्यात निम्मी चूक कानांची होती असं आता धरू या. मी धरलं आहे.

तू त्यांना बेशरम म्हणाली होतीस हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. खालच्या बाई गेल्या आठवड्यात इथे येऊन गेल्या, आणि तुझ्या भिंती पातळ आहेत. त्यांनी तुला कप पाठवला आहे, सरळ भाजलेला.

इथलं बटण अडकत नाही. मीटरही बाहेर भिंतीवर आहे, रस्त्याच्या बाजूला. आकडा वाचायला आत जावं लागत नाही.

तरी मी आत गेलो.

तुझा मामा